हौदातलं जहाज: डोलण्याचा काळ, लाटांचं बल आणि सांगाड्यावरचा ताण घरच्या घरी कसा मोजायचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मुलांना जहाजबांधणीचं शास्त्र दूरचं वाटतं, कारण समुद्र घाटाच्या पलीकडे आहे. पण जहाज का कलंडतं, लाटेत किती डोलतं आणि मधोमध का मोडतं, हे तिन्ही प्रश्न सिमेंटच्या हौदात किंवा शेततळ्यात मोजून सोडवता येतात. मेकॅनिकल किंवा सिव्हिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं गणित त्याला पुरतं. या शास्त्राची गरजही आपल्याकडे आहे. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा पात्राबाहेर आल्या की गावोगावी नावा आणि गुऱ्हाळातल्या काहिली (गूळ उकळायच्या मोठ्या कढया) पाण्यात उतरतात. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटली, ती याच कृष्णेच्या पुरात. म्हणून सुरुवात काहिलीपासूनच करू.

आधी कागदावर: काहिलीचं गणित

तरंगणाऱ्या वस्तूच्या स्थिरतेसाठी तीन उंच्या लागतात आणि तिन्ही तळापासून मोजायच्या. पहिली, बुडालेल्या भागाच्या मध्याची. प्लावक बल तिथून वर ढकलतं. दुसरी, सगळ्या वजनाच्या गुरुत्वमध्याची. तिसरी मेटासेंटरची. नाव थोडी तिरपी झाली की प्लावक बलाची रेषा सरकते आणि नावेच्या मधल्या उभ्या रेषेला जिथे छेदते, तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. बुडालेल्या भागाच्या मध्यापासून तो किती वर आहे हे काढणं सोपं आहे: पाण्याच्या पातळीवर नावेचा जो आकार दिसतो त्याचा क्षेत्र-जडत्वाघूर्ण (सेकंड मोमेंट ऑफ एरिया) भागिले नावेने बाजूला सारलेल्या पाण्याचं आकारमान. मेटासेंटर गुरुत्वमध्याच्या जितका वर, तितकी सरळ होण्याची ओढ जास्त. या अंतराला जीएम म्हणतात. पुढे सगळीकडे हाच शब्द वापरला आहे.

समजा काहील २.४ मीटर व्यासाची, ४५ सेंटिमीटर खोल आणि १५० किलोची आहे. कडा सरळ उभ्या धरू. तिच्यात प्रत्येकी ६५ किलोची ४ माणसं तळाला बसली, तर एकूण वजन ४१० किलो. काहील ९ सेंटिमीटर बुडते आणि जीएम येतो साधारण ३.७ मीटर. हा आकडा प्रचंड आहे. दोन माणसं एका बाजूला मीटरभर सरकली तरी ती ५ अंशांपेक्षा कमी कलते, आणि कड पाण्याला टेकायला जवळजवळ १७ अंश लागतात. काहील पुरात भरवशाची वाटते ती यामुळे.

आता त्याच काहिलीत १० माणसं उभी करा. वजन ८०० किलो, बुडालेली खोली १८ सेंटिमीटर. गुरुत्वमध्य ८४ सेंटिमीटरवर चढतो आणि जीएम १.३ मीटरवर येतो. तरीही मोठाच आहे, असं वाटेल. पण कड पाण्यापासून फक्त २७ सेंटिमीटर वर उरली आहे, म्हणजे पावणेतेरा अंशांतच पाणी आत येणार. किनाऱ्यावर कुणी दोर टाकला आणि ५ माणसं मीटरभर त्या बाजूला झुकली, तर हिशेबाने काहील १७ अंशांहून जास्त कलायला हवी. ती तिथवर पोचत नाही, त्याआधीच भरते.

यात शिकण्याची गोष्ट अशी की जीएम एकटा पुरत नाही, पाण्यावर उरलेली कडही तितकीच मोजावी लागते. ब्रिटिश नौदलाचं 'कॅप्टन' हे जहाज ७ सप्टेंबर १८७० ला वादळात उलटलं ते याच कारणाने: कडा फार खाली होत्या आणि वर शिडांच्या उंच डोलकाठ्यांचा भार होता. त्याच ताफ्यातलं, उंच कडांचं 'मोनार्क' त्याच रात्री तरलं. समुद्री जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत म्हणूनच जीएम किमान ०.१५ मीटर असावा एवढ्यावर भागत नाही. ३० आणि ४० अंशांपर्यंत सरळ होण्याची ताकद किती उरते, हेही दाखवावं लागतं.

पाण्याची जागा

आता हेच प्रत्यक्ष मोजायला १ मीटर लांबीचं मॉडेल करू. त्यासाठी किमान ३ मीटर रुंद, ५ मीटर लांब आणि सव्वा मीटर खोल पाणी हवं. विहिरीवरचा मोठा हौद स्थिरतेच्या आणि डोलण्याच्या चाचण्यांना चालतो. लाटांसाठी शेततळं बरं, कारण त्याच्या उतरत्या कडा लाटेची बरीच ताकद खातात आणि ती कमी परतते. चाचणी पहाटे करा. उन्हं चढली की आपल्याकडे वारा सुटतो आणि पाण्यावर उठणारी बारीक लहर मोजमाप नासवते.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात घसरलेल्या माणसाला स्वतःहून वर येता येत नाही. कर्नाटकच्या कृषी होंडा (शेततळं) योजनेतल्या तळ्यांमध्ये मुलं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. काठावर गाठी मारलेला दोर कायम बांधलेला हवा, पाण्याजवळ जाणाऱ्याच्या अंगात लाइफ जॅकेट हवं, आणि एकट्याने कधीही जायचं नाही. पोहता येतं म्हणून यातली एकही अट सोडू नका.

मॉडेल

पहिलं मॉडेल साध्या पेटीच्या आकाराचं करा. गोलाईदार जहाज करण्याचा मोह होतो, पण पेटीचं गणित हाताने करता येतं आणि मोजलेलं उत्तर लगेच ताडून पाहता येतं. लांबी १ मीटर, रुंदी २५ सेंटिमीटर, उंची १६ सेंटिमीटर. ६ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय, सांध्यांना इपॉक्सी, बाहेरून फायबरग्लासचा एक थर. ८ सेंटिमीटर बुडवायचं असेल तर एकूण वजन बरोबर २० किलो लागतं. प्लायची पेटी त्याच्या पाव वजनाचीही होत नाही, बाकीचा भार घालावा लागतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फाउंड्रीत मागितलं तर कास्टिंगचे तुकडे किंवा लोखंडी पट्ट्यांचे कापलेले शेवट सहज मिळतात. प्रत्येक तुकडा काट्यावर तोलून त्यावर रंगाने वजन लिहा.

भार तळाला ठेवला तर गुरुत्वमध्य फार खाली जातो आणि मॉडेल झटके देत डोलतं. तुकडे लाकडी फळीवर चढवून ठेवा आणि फळीची उंची बदलता येईल अशी सोय करा. एकूण गुरुत्वमध्य तळापासून ८ सेंटिमीटरवर आणायचा आहे. या पेटीचा मेटासेंटर १०.५ सेंटिमीटरवर येतो (बुडालेल्या भागाचा मध्य ४, त्यावर ६.५), म्हणजे जीएम अडीच सेंटिमीटर. प्रत्येक तुकडा पट्टीने आवळून बांधा. तुकडा मिलिमीटरभर जरी घरंगळला तरी पुढचे आकडे टाकून द्यावे लागतात.

तिरपं करून जीएम मोजणं

खरं जहाज बांधून पाण्यात उतरवलं की हीच चाचणी करतात. मॉडेलवरचा २०० ग्रॅमचा तुकडा मध्यरेषेवरून १० सेंटिमीटर उजवीकडे सरकवा. मधोमध उभ्या केलेल्या काठीला ५० सेंटिमीटर लांबीचा ओळंबा लावा आणि त्याचा गोळा तेलाच्या वाटीत बुडू द्या, म्हणजे तो हलत राहणार नाही. जीएम अडीच सेंटिमीटर असेल तर ओळंबा २ सेंटिमीटर सरकेल. कोन साधारण २.३ अंश. खऱ्या जहाजावरही ही चाचणी १ ते ४ अंशांतच करतात.

सूत्र असं: सरकवलेलं वजन गुणिले सरकवलेलं अंतर, भागिले एकूण वजन आणि कोनाचा टॅन यांचा गुणाकार. एका मोजणीवर थांबू नका. ५, १०, ५, ०, मग डावीकडे ५, १०, असं सरकवत जा आणि आलेखावर ठिपके टाका. ते एका सरळ रेषेत आले पाहिजेत. रेषा वाकली तर मॉडेल दोराला किंवा भिंतीला टेकतंय, नाहीतर तळाला पाणी झिरपलंय. आधी ते निस्तरा, मग पुढे.

डोलण्याचा काळ

आता मॉडेल एका बाजूला १० अंश दाबून अलगद सोडा. हात काढताना ढकललं जाऊ नये. डेकवर मोबाइल घट्ट चिकटवून 'फायफॉक्स' हे मोफत ॲप चालू ठेवा. ते जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालं आहे आणि मोबाइलमधल्या जायरोस्कोपचे (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचे) आकडे थेट फाइलमध्ये देतं. मोबाइलचं वजन २० किलोंतच धरायचं, हे विसरू नका.

वरच्या मापांनी डोलण्याचा एक पूर्ण फेरा साधारण १.२७ सेकंदांचा यायला हवा. सूत्र: ६.२८ गुणिले फिरण्याची त्रिज्या (रेडियस ऑफ जायरेशन), भागिले गुरुत्वत्वरण आणि जीएम यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. ही त्रिज्या रुंदीच्या सुमारे ०.४ पट धरतात. तुमचा आकडा थोडा वेगळा येईल, कारण भार मध्यापासून किती पसरला आहे यावर ती त्रिज्या ठरते. शिवाय मॉडेलबरोबर भोवतालचं पाणीही हलतं आणि ते वजनासारखं भासतं. हेच मॉडेल कोरडं असताना दोन दोरांवर टांगून झुलवलं आणि हवेतली त्रिज्या काढली, तर दोन्हींतला फरक म्हणजे पाण्याने घातलेला वाढीव भार. हायड्रोडायनॅमिक्समधली 'ॲडेड मास' ही कल्पना पुस्तकात धूसर वाटते, इथे ती आकड्यात हाती लागते.

मॉडेल सरळ खाली दाबून सोडलं तर वर-खाली हलण्यातही हेच दिसतं. नुसत्या वजनाच्या हिशेबाने फेरा ०.५७ सेकंदांचा हवा, प्रत्यक्षात तो बराच लांबतो. ही हालचाल दोन-तीन फेऱ्यांत विझते, त्यामुळे मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करूनच मोजा.

डोलणं किती लवकर मरतं, हेही त्याच फाइलमध्ये आहे. समजा एकाच बाजूची शिखरं १०, ८, ६.४ अंश अशी आली. गुणोत्तर १.२५, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.२२३, त्याला ६.२८ने भागलं की अवमंदन गुणांक मिळतो: ०.०३६. आता तळाच्या दोन्ही कोपऱ्यांवर लांबीच्या मधल्या अर्ध्या भागात २ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या चिकटवा आणि चाचणी पुन्हा घ्या. गुणांक चांगलाच वाढतो. या पट्ट्यांना बिल्ज कील म्हणतात. पट्टीच्या धारेवरून पाणी भोवरे करत सुटतं आणि डोलण्याची ऊर्जा त्या भोवऱ्यांत जाते. पाण्यात चिमूटभर हळद टाकलीत तर भोवरे डोळ्यांना दिसतात.

फेऱ्याच्या काळाचा नावाड्यांना थेट उपयोग आहे. रुंदी ठाऊक असलेल्या नावेचा जीएम नुसत्या घड्याळावर अजमावता येतो: काळ म्हणजे अंदाजे ०.८ गुणिले रुंदी, भागिले जीएमचं वर्गमूळ, सगळं मीटर आणि सेकंदांत. हा ०.८ आकडा नावेच्या घडणीप्रमाणे थोडा बदलतो, पण तीच नाव तिच्या रोजच्या काळाशी ताडताना अडचण येत नाही. रोज झटक्यात सरळ होणारी नाव आज सावकाश, आळसावून डोलतेय, तर जीएम घटला आहे. प्रवाशांना असं संथ डोलणं सुखाचं वाटतं, आणि धोका नेमका तिथे असतो. माल वर रचला गेला असेल किंवा तळाला पाणी साचलं असेल. काळ दुप्पट झाला तर जीएम एक चतुर्थांश उरला, असं समजा.

आत साचलेलं पाणी

या लेखातली एकच चाचणी करायला वेळ असेल तर ही करा. मॉडेलमध्ये ४० सेंटिमीटर लांब, २४ सेंटिमीटर रुंद ट्रे बसवा. त्यात २ सेंटिमीटर पाणी घाला आणि तितक्याच वजनाचा भार काढून घ्या, म्हणजे एकूण २० किलोच राहतील. भार काढताना गुरुत्वमध्याची उंची बदलू देऊ नका. आता तिरपं करून पाहा.

मॉडेल कललं की ट्रेमधलं पाणी खालच्या बाजूला धावतं आणि त्याच बाजूचं ओझं वाढवतं. यामुळे जीएम किती घटतो, ते ट्रेमधल्या पाण्याच्या पृष्ठभागाच्या क्षेत्र-जडत्वाघूर्णावर ठरतं. त्यात रुंदीचा घन येतो. आपल्या ट्रेसाठी घट २.३ सेंटिमीटर, आणि जीएम होता अडीच. म्हणजे मॉडेल जवळजवळ निराधार झालं. बोटाने टेकवाल तिकडे कलून राहील. आता ट्रेच्या मधोमध लांबीच्या दिशेने एकच पत्र्याची आडभिंत घाला आणि दोन्ही सांधे सिलिकॉनने बंद करा. घट ०.६ सेंटिमीटरवर येते, म्हणजे पूर्वीच्या एक चतुर्थांश. पाणी तेवढंच, वजन तेवढंच, फक्त त्याची मोकळी रुंदी निम्मी झाली. तेलवाहू जहाजांत टाक्या लांबीच्या भिंतींनी विभागलेल्या असतात, त्याचं एक मोठं कारण हे.

काहिलीकडे परत पाहा. तिचा सगळा तळ पाण्याने झाकला असेल तर आतल्या पाण्याची रुंदी आणि बाहेरची रुंदी जवळजवळ एकच. म्हणजे आकाराने दिलेली सगळी स्थिरता आतलं पाणी काढून घेतं. त्यात ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे सव्वादोनशे लिटर, साडेतीन माणसांचं वजन, आणि तेही सतत उताराकडे पळणारं. पुरात काहील किंवा नाव चालवताना पाणी उपसायला एक माणूस वेगळा ठेवावा, त्याला वल्ह्याचं काम देऊ नये.

लाटा

लाटा उठवायला लाकडाची त्रिकोणी पाचर पुरते. ती काठावर बिजागरीने बसवा आणि मेट्रोनोम ॲपच्या ठेक्यावर वर-खाली करा. मिनिटाला ४७ ठोके म्हणजे १.२७ सेकंदांची लाट. खोल पाण्यात लाटेची लांबी काळाच्या वर्गाच्या १.५६ पट, म्हणजे इथे अडीच मीटर. पाण्याची खोली त्याच्या निम्मी हवी, सव्वा मीटर खोली मागितली होती ती यासाठी. समोरच्या काठावर काथ्याचे जुने पट्टे किंवा मच्छीमारी जाळ्यांचे गठ्ठे उतरते ठेवा. परतलेली लाट मिसळली तर आकड्यांवर विसंबता येत नाही. प्रत्येक वेळी पहिल्या काही लाटा गेल्यावर आणि परतलेल्या यायच्या आत मोजा.

मॉडेल लाटेला आडवं धरा आणि काळ ०.९ पासून १.८ सेकंदांपर्यंत थोडा थोडा वाढवत जा. दर वेळी लाटेची उंची काठावरच्या पट्टीवरून आणि डोलण्याचा कोन मोबाइलवरून घ्या. कोन भागिले लाटेचा उतार, असा आलेख काढला की १.२७ च्या आसपास टोक उभं राहतं. ३ सेंटिमीटर उंचीच्या लाटेचा उतार जेमतेम २.२ अंश असतो, पण अनुनादात, म्हणजे लाटेचा आणि मॉडेलचा काळ जुळला की, मॉडेल त्याच्या कितीतरी पट डोलतं. बिल्ज कील लावून तोच आलेख पुन्हा काढा, टोक बसलेलं दिसेल.

समोरून येणाऱ्या लाटांतही जहाज आडवं डोलू लागतं, असा एक प्रकार आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये 'एपीएल चायना' या कंटेनर जहाजाला पॅसिफिकमध्ये तो भोगावा लागला. नाळेचा (पुढच्या टोकाचा) आणि मागचा भाग पसरट असलेल्या जहाजात लाट पुढे सरकताना पाण्यावरचा आकार सतत लहान-मोठा होतो आणि त्याबरोबर जीएमही. आपल्या पेटीच्या बाजू सरळ उभ्या आहेत, त्यामुळे हे तिच्यात दिसणार नाही. त्यासाठी दुसरं, पसरट नाळेचं मॉडेल लागेल.

सांगाड्यावरचा ताण

१७ जून २०१३ रोजी 'एमओएल कम्फर्ट' हे मोठं कंटेनर जहाज अरबी समुद्रात मधोमध मोडलं. दोन्ही तुकडे काही दिवस वेगवेगळे तरंगत राहिले आणि नंतर बुडाले. चौकशीत रोख तळाच्या पत्र्यांच्या दुमडण्यावर आला, आणि मोठ्या कंटेनर जहाजांच्या मजबुतीचे नियम पुढे बदलले. जहाज हे पाण्याने असमान उचललेल्या लांब तुळईसारखं असतं, हे पेटीत नीट दाखवता येतं.

मॉडेल मधोमध कापा. दोन्ही तुकडे आतून २५ मिलिमीटर रुंद, ८ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीने जोडा. मधली फट मोटारसायकलच्या ट्यूबच्या रबराने, ताण न देता, झाका. पट्टीच्या वर-खाली ३५० ओहमचे स्ट्रेन गेज (पट्टी किती ताणली जाते ते मोजणारे सेन्सर) चिकटवा आणि एचएक्स ७११ या वजनकाट्याच्या चिपमधून आर्डुइनो या छोट्या संगणक-बोर्डाला जोडा. चिप सेकंदाला ८० वाचनांवर ठेवा, १० वाचनं लाटेसाठी अपुरी पडतात. गेजखालची जागा बारीक पॉलिश पेपरने घासून ॲसिटोनने पुसा. अर्ध्याअधिक गेज चिकटवण्यातच वाया जातात, म्हणून चारऐवजी आठ मागवा.

पाण्यात सोडण्याआधी पट्टीला ठरावीक अंतरावर ठरावीक वजन टांगून गेजचे आकडे बसवून घ्या. मग मॉडेल आणि त्यात समान पसरलेला भार मिळून ८ किलो ठेवा, उरलेले १२ किलो हलते. ते लांबीभर सारखे पसरले तर मध्यावर वाक, म्हणजे वाकवणारा आघूर्ण, शून्य. सगळे १२ किलो मधोमध ठेवले तर दीड किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे १४.७ न्यूटन-मीटर, तळ ताणला जातो. पट्टीत ५५ मेगापास्कल ताण येतो. तेच वजन सहा-सहा किलो करून मध्यापासून ४५ सेंटिमीटरवर दोन्ही टोकांना ठेवलं तर १.२ किलोग्रॅम-मीटर उलट दिशेने, आता डेक ताणला जातो. बाहेरून तिन्ही वेळा मॉडेल तेवढंच बुडालेलं दिसतं. आता समोरून मॉडेलच्या लांबीएवढ्या, १ मीटरच्या लाटा सोडा. लाटेचा माथा मध्यावर आला की आणि टोकांवर आला की वाचन वर-खाली झुलतं. स्थिर पाण्यातला वाक आणि लाटेचा वाक एकाच दिशेला आले की सगळ्यात वाईट स्थिती होते. म्हणून कंटेनर कुठे रचायचे हे बंदरातच ठरतं.

लाट आदळल्यावरचा धक्का आणि त्यानंतरची थरथर या मांडणीतून मोजू नका. पट्टीचा कडकपणा खऱ्या जहाजाच्या प्रमाणात नाही, आणि आदळण्याच्या दाबासाठी सेकंदाला हजारो वाचनं लागतात.

मॉडेलवरून जहाजाकडे

प्रमाण १:२५ धरलं तर मॉडेल २५ मीटरच्या जहाजाचं झालं. विल्यम फ्राउडने १८७२ मध्ये इंग्लंडमध्ये टॉर्की इथे टाकी बांधून ज्या नियमावर काम केलं, तो हाच: लांबी आणि जीएम २५ पट, काळ ५ पट, वजन आणि बल १५,६२५ पट, वाकवणारा आघूर्ण ३,९०,६२५ पट. म्हणजे आपलं जहाज ३१२ टनांचं, जीएम साधारण ०.६३ मीटर, फेरा ६.३ सेकंदांचा. हे सगळं गोड्या पाण्यात. समुद्रासाठी वजन आणि बलं अडीच टक्के वाढवा. पाण्याचा चिकटपणा मात्र या नियमात बसत नाही. त्यामुळे अवमंदनाचा आकडा मॉडेलवरून जसाच्या तसा उचलू नका.

पुढे जायचं असेल तर लाटांतल्या तरंगत्या वस्तूंचं गणित करणारी नेमोह आणि कॅपीटेन ही मोफत सॉफ्टवेअर पेटीवर चालवा आणि तुमच्या लाटांच्या आलेखाशी जुळवा. डोलण्याच्या टोकापाशी सॉफ्टवेअर फार मोठा कोन दाखवेल, कारण त्यात भोवऱ्यांची ऊर्जा धरलेली नसते. तिथे तुम्ही मोजलेला अवमंदन गुणांक हाताने घाला. विशाखापट्टणमच्या नौदल विज्ञान व तंत्रज्ञान प्रयोगशाळेत याच चाचण्या मोठ्या टाक्यांत होतात, आणि खरगपूर व मद्रासच्या आयआयटींत नौका-अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम आहेत. तिथे अर्ज करताना कच्ची वही सोबत जोडा. त्यात तारीख, पाण्याचं तापमान, प्रत्येक तुकड्याचं वजन आणि जागा, आणि टाकून दिलेली वाचनंही कारणासकट असू द्या.